तुम्ही विचारलंत म्हणून : सायमनबद्दल एकदाचं

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "ज्यूंना हाकलणाऱ्या सायमन डी माँटफर्टचा तुम्हाला एवढा पुळका का?" सायमन म्हणजे तेराव्या शतकात राजाविरुद्ध बंड करणारा इंग्लंडमधला सरदार. आज एकदाचं सांगूनच टाकते.

राजा तिसऱ्या हेन्रीचा मेव्हणा, राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या ऑक्सफर्डच्या तरतुदी, राजाला कैद करणारी लुइसची लढाई, हे विचारणाऱ्यांना पाठ असतं. माझा जीव अडकतो तो त्याच्या शेवटच्या लढाईच्या गावी, इव्हशॅमपाशी. ४ ऑगस्ट १२६५ ची सकाळ. उत्तरेकडून निशाणं येताना दिसली, सायमनच्याच मुलाची. सगळ्यांना हायसं वाटलं. खात्री करायला सायमनचा न्हावी मठाच्या मनोऱ्यावर चढला. निशाणं ओळखीची, पण त्यांच्याखाली माणसं राजपुत्र एडवर्डची! दोन-तीन दिवसांपूर्वीच केनिलवर्थला मुलाची फौज बेसावध गाठून एडवर्डने ती निशाणं हिसकावली होती. गावाला तीन बाजूंनी एव्हन नदीचा वेढा, चौथ्या बाजूला शत्रू. चालून येणारी शिस्तबद्ध फौज पाहून सायमन म्हणाला म्हणे, ही रीत ते माझ्याकडूनच शिकलेत. थोरला मुलगा हेन्री पडला, मग सायमनही. मेल्यावर त्याचे हात, पाय, मुंडकं तोडलं आणि मुंडकं विगमोरला, एडवर्डच्या बाजूच्या मॉर्टिमर या सरदाराच्या बायकोकडे पाठवलं. उरलेलं धड मठातल्या साधूंनी पुरलं. त्या जागेवर लोक आजार बरे व्हावेत म्हणून येऊ लागले, इतके की त्याला संत म्हणायला राजाला बंदी घालावी लागली. त्या साध्या लोकांना त्याच्यात काहीतरी दिसलं होतं. ते मी कसं नाकारू?

पण त्याच्या ताब्यातल्या लेस्टर गावाची १२३१ ची सनदही त्याचीच. ज्यूंनी इथे राहायचं नाही; माझ्या काळात नाही, माझ्या वारसांच्या काळात नाही, जगाच्या अंतापर्यंत नाही. १२६४ मध्ये त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमध्ये शेकडो ज्यू मारले. माझ्या पहिल्या लेखात मी हे एका ओळीत उरकलं आणि त्याला संसदेचा जनक म्हणून मोकळी झाले. "तो काळच तसा होता," असंही लिहिलं. आज ते वाक्य वाचवत नाही. जानेवारी १२६५ च्या संसदेच्या सभेत त्याने शहरांचे प्रतिनिधी बोलावले हे खरंच आहे; बडे सरदार विरोधात गेल्यामुळे त्याला त्यांची गरज होती, हेही तितकंच खरं. तरीही ते तिथे बसले ना?

पुढच्या व्याख्यानात मी इव्हशॅम सांगणारच. आधी मात्र ती सनद वाचून दाखवीन. ती ऐकून कुणी उठून गेलं, तर अडवणार नाही.