निवतीच्या खडकांखालचा अंधुक उजेड

"अमावास्येक येव नकात. अष्टमीक येवा, पाणी नितळ गावतला," आमच्या होडीवाल्या तांडेलकाकांनी फोनवर एवढंच सांगितलं. मी तिकीट बदललं आणि पौषातल्या अष्टमीला मालवणात पोचले. इथे स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्यांनी आधी हेच ध्यानात ठेवावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात खेचतं आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, गाळ खाली बसतो. हंगाम ऑक्टोबर ते मे असला तरी पावसानंतर कर्ली आणि गडनदी समुद्रात गाळ ओतत असतात, त्यामुळे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ मला चांगला वाटतो.

मला खरं तर आंग्रिया बँक पाहायची होती. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेलं हे समुद्राखालचं पठार. त्याचा माथासुद्धा साधारण २० मीटर पाण्याखाली आहे आणि कडा शेकडो मीटर खोल उतरतात. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी स्वच्छ, उजेड खोलवर जातो. पण हौशी डायव्हरने सहज जाऊन यावं अशी ती जागा नाही. ३० ते १५० मीटरच्या पट्ट्यातली कमी उजेडाची प्रवाळं तर आमच्या परवान्याच्या पलीकडची. साध्या हवेच्या टाकीने ४० मीटर ही मर्यादा, आणि ती पाळायचीच.

म्हणून निवती रॉक्स. दीपगृहाचे हे खडक, यांनाच वेंगुर्ला रॉक्सही म्हणतात. किनाऱ्यावरून होडीने तासाहून जास्त लागतं. वाटेत लाटा लागतात, तेव्हा उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या आणि पोटभर घावणे खाऊन बसू नका. खडकांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत. तिथे होडी लांबूनच न्यायची.

पहिल्या डाइव्हला मी १९ मीटरपर्यंत गेले. बारा मीटरनंतर सगळं हिरवट राखाडी झालं, जसं आषाढात ढग दाटल्यावर दुपारी चारला घरात होतं. माझ्या हातावरचा लाल पट्टा काळा दिसत होता. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, स्वच्छ पाण्यात निळा मात्र सर्वांत खोल जातो. गाळ असला की एकूण उजेडच लवकर संपतो. त्यामुळे स्वच्छ समुद्रात जे खूप खाली पाहायला मिळेल, त्यातलं थोडंसं आपल्याकडे वीसेक मीटरांतच दिसतं. खोली तीच नाही, दाब तोच नाही, जातीही सगळ्या त्याच नाहीत, पण उजेडाचा हिशेब तसाच.

तो हिशेब प्रवाळाच्या आकारातच वाचता येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पोरायटीस प्रवाळाचे गोल गड्डे दिसतात. इथे टर्बिनेरिया प्रवाळ ताटासारखं पसरलं होतं, उतरत्या छपरावरच्या कौलांसारखी एकाखाली एक ताटं. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न तयार करतं. उजेड कमी झाला की प्रवाळाचा प्राणी उंच वाढण्याऐवजी आडवा पसरतो, मिळेल तो कवडसा झेलतो. बाकीची भूक पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भागवतो. अशी वाढ फार सावकाश होते.

मग कपारीत टॉर्च लावला आणि काळपट दिसणारी भिंत एकदम नारिंगी झाली. पेल्यांसारखं ट्यूबास्ट्रिया प्रवाळ! याच्याकडे शैवाल नाही, उजेडाची गरजही नाही. अंधारात हातपाय पसरून ते प्रवाहातून खाणं टिपतं. शेजारी समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी प्रवाळं, प्रवाहाला आडवे उभे होते, एका फटीत शेवंड मिश्या हलवत बसला होता, आणि एक मोठा गोबरा मासा माझ्याकडे बघत मागे सरकला. मी तिथे दहा मिनिटं थांबले. टॉर्च नसता तर हे सगळं काळा खडक समजून पुढे गेले असते. भाड्याने मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतःचा न्या. फोटो काढताना दिवा कॅमेऱ्यापासून बाजूला धरा, समोरून मारला तर गाळाचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात.

उथळ प्रवाळं तापमानाने पांढरी पडली, तर खोलवरची त्यांना आसरा देतील अशी आशा बरीच वर्षं होती. २०१८ साली मत्स्यशास्त्रज्ञ लुईझ रोशा आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की खोल पाण्यातली वस्ती बरीचशी वेगळीच आहे, आणि वादळ, तापमान, मासेमारी, प्रदूषण यांची झळ तिलाही बसते. हे वाचल्यापासून मला आंग्रियाची जास्त काळजी वाटते. एका ठिकाणची प्रवाळं गेली, तर दुसरीकडची आपोआप त्यांची जागा घेणार नाहीत.

म्हणून होडी ठरवताना दराआधी नांगराचं विचारा. आमच्या तांडेलकाकांनी वाळूत नांगर सोडला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "खडपार नांगर घातलो तर मासो खयसून गावतलो?" त्याआधी किल्ल्याजवळ मी पाहिलेल्या एका होडीवर मात्र पर्यटकांसाठी माशांना बिस्किटं टाकत होते. तसं कुणी करू लागलं तर नको म्हणा, मीही म्हटलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि कठीण प्रवाळं, समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडाही पिशवीत घालायचा नाही.

निवतीला जाण्याआधी पाण्यात स्थिर तरंगणं जमायला हवं. ते नसेल तर किल्ल्याजवळच सराव करा. तिथे प्रशिक्षक धरून नेतो, परवाना लागत नाही. तळाशी गुडघे टेकू नका. पायातल्या फिनचा एक फटका बसला की उठलेला गाळ त्या ताटांवर बसतो आणि आधीच कमी असलेला उजेड अडवतो.

परतीचं एक कुणी सांगत नाही. विमानाआधी १८ तास थांबायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण डाइव्ह करून संध्याकाळीच गाडीने आंबोली चढणारे कोल्हापूरकर मी पाहिले आहेत. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, वर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, त्याला घाट आणि विमान असा भेद कळत नाही. कुडाळहून रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार असाल तर ठीक. मला कोल्हापूर गाठायचं होतं, म्हणून मी देवबागला आणखी एक रात्र राहिले, आणि सकाळी निघण्याआधी तांडेलकाकांकडे माघातली अष्टमी सांगून ठेवली.