ओपिनेलची मूठ आणि जाणकारांचे आक्षेप

ओपिनेल हा फ्रान्समधला लाकडी मुठीचा घडीचा चाकू. त्याच्या आठ क्रमांकाच्या आकारात एकूण पाचच भाग असतात: लाकडी मूठ, पाते, ते ज्यावर फिरते तो रिवेट, मुठीच्या गळ्यावर पक्की बसवलेली कडी आणि तिच्यावर फिरणारी दुसरी कडी. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. पाते साडेआठ सेंटिमीटर लांब, मूठ बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची. घडीच्या चाकूवर स्वतःच्या हाताने काम करायची हौस असलेल्या पुष्कळांची सुरुवात याच चाकूवर होते, आणि त्याला कारण आहे. मुठीचे लाकूड साध्या कानशीनेही घडवता येते, पाते कार्बन पोलादाचे, म्हणजे गंजू शकणाऱ्या साध्या पोलादाचे, घेतले तर त्यावर रंग चढवता येतो, आणि सगळी रचना उघडी असल्यामुळे आपण जे काही करतो त्याचा परिणाम लगेच दिसतो. केलेले काम लपवायला या चाकूत जागाच नाही. म्हणूनच त्यावर टीकाही भरपूर होते.

मी माझ्या चाकूवर जे काम केले, ते आधी सांगतो. कारखान्यातून येणाऱ्या मुठीवर वार्निशचा पातळ थर असतो. तो १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण उतरवला. मुठीच्या दोन्ही बाजू किंचित सपाट केल्या, म्हणजे चाकू टेबलावर गडगडत नाही आणि पात्याची धार कुठल्या बाजूला आहे हे न बघता बोटांना कळते. मागचे फुगीर टोकही माझ्या तळहातात नीट बसेल इतके उतरवायला घेतले. वार्निश गेले की बीचचा पोत दिसू लागतो: फिकट, किंचित गुलाबी अंगावर तपकिरी रंगाच्या अगदी बारीक, तुटक रेघांची दाटी. पॉलिश पेपर लाकडाच्या धाग्याच्या दिशेने चालवला तर त्या रेघा हळूहळू उजळत जातात, आडवा चालवला तर ओरखड्यांत हरवतात. २२० नंबरच्या कागदानंतर लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू दिले, उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून काढले आणि मग रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने मुरवले. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ते पसरून वाळवावे. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेटू शकते. हे मी दर वेळी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी ते ठाऊक नसते.

बीचला एक खोड आहे. हे लाकूड हवेतला ओलावा पटकन धरते आणि फुगते. पुण्याच्या पावसाळ्यात, आणि कोकणात तर विचारायलाच नको, मुठीची खाच पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरते आणि नखाने ओढून चाकू उघडत नाही. फ्रान्समधल्या ज्या सावोय प्रांतात हा चाकू जन्मला, तिथल्या लोकांची यावर एक जुनी युक्ती आहे: बंद चाकूच्या मुठीचे मागचे टोक टणक जागेवर ठोकायचे, म्हणजे पाते थोडे बाहेर येते आणि मग बोटांनी धरता येते. युक्ती चांगली आहे, पण मला आजार मुळापासून कमी करायचा होता. म्हणून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या घासल्या आणि आतल्या लाकडालाही तेल पाजले. मुठीवरच्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग, आणि बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

पात्याला रंग आणला तो कैरीने. पाते भांड्यांच्या साबणाने धुवून त्यावरचा तेलकटपणा घालवला, कैरीच्या फोडी चिरून त्याला चोळल्या आणि रस तसाच राहू दिला. आम्लाने पोलादाचा चकचकीतपणा जातो आणि आधी राखाडी, मग निळसर, मग काळपट छटा येतात. आजीच्या स्वयंपाकघरातल्या लोखंडी विळीच्या पात्यावर असायच्या तशाच. रस सांध्यात जाऊ नये म्हणून कडीजवळचा भाग कोरडा ठेवला, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पाते धुतले, लगेच पुसले आणि खोबरेल तेलाचा हात फिरवला.

पुण्यात आम्ही काही हौशी मंडळी अधूनमधून एकत्र जमतो. त्यात कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवण्याच्या विभागातून, निवृत्त झालेले आहेत, दाताचे डॉक्टर आहेत, बँकेत नोकरी करून रविवारी सुतारकाम करणारे आहेत आणि कॉलेजातली एक-दोन मुले आहेत. टेबलावर कापड अंथरून आपापली वस्तू मांडायची आणि ती हातोहात फिरू द्यायची, अशी पद्धत आहे. मी माझा चाकू पूर्ण होण्याआधीच, मुठीचे मागचे टोक अर्धवट उतरवलेले असताना, तिथे नेला. टीका ऐकायची तर ती काम चालू असताना ऐकावी, असे माझे मत आहे. पूर्ण झालेल्या वस्तूवरचा आक्षेप माणसाला स्वतःवरचा वाटतो आणि मग त्याचे सारे बळ बचावात जाते. अर्धवट वस्तूवरचा आक्षेप मात्र सरळ कानशीपर्यंत पोहोचतो.

त्या दिवशी सर्वांत आधी बोलले ते आमच्यातले टूलरूमवाले काका. त्यांनी चाकू उघडला, मिटला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि म्हणाले, "अहो, मूठ छान उतरवताय, पण असेच खाली जात राहिलात तर टोक बाहेर येईल." मी विचारले, "नेमके कुठे, काका?" त्यांनी खिशातून बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर काढला आणि खाचेच्या बाजूला, मिटलेल्या पात्याचे टोक जिथे विसावते तिथे मोजून दाखवले. टोकाच्या पुढे लाकडाची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर उरली होती. घडीच्या चाकूत हा मुद्दा जिवाचा असतो. मिटलेले पाते खाचेत असते आणि त्याचे टोक दोन्ही बाजूंच्या लाकडाच्या आत दडलेले असते. खाचेच्या तोंडाचे लाकूड जितके खाली न्याल, तितके टोक वर येते. नव्या ओपिनेलमध्ये पाते बंद असतानाही कडी फिरवून अडकवता येते, त्यामुळे ते आपोआप उघडणार नाही हे खरे, पण टोकच लाकडाबाहेर डोकावत असेल तर खिशात हात घालणाऱ्याला कडी वाचवू शकत नाही. मी त्या बाजूला कानस लावणे तिथेच थांबवले आणि उरलेला उतार मुठीच्या पाठीकडून घेतला. तळहातात टेकते ती पाठच, त्यामुळे मला हवी असलेली पकड तरीही मिळाली.

"नेमके कुठे?" हा प्रश्न मी आता प्रत्येक आक्षेपाला विचारतो, आणि तो विचारताना माझ्या आवाजात आव्हान नसावे याची काळजी घेतो. जो आक्षेप घेणारा माणूस चाकू हातात घेऊन एखाद्या जागेवर अंगठा ठेवू शकतो, त्याचे म्हणणे तपासून बघता येते. तपासल्यावर ते बरोबर निघो वा चूक, दोघांच्याही पदरात काहीतरी पडते. "एकूण काही जमले नाही" असे म्हणणाऱ्यालाही मी हाच प्रश्न विचारतो, आणि अनेकदा असे होते की चाकू हातात फिरवता फिरवता त्यालाच ती जागा सापडते. माणसाला खटकलेले असते काहीतरी, शब्द मात्र लगेच सापडत नाहीत. तो आळशीपणाने बोलतो आहे असे मानून त्याला उडवून लावले तर त्याच्या नजरेने टिपलेली गोष्ट आपल्याला कधीच कळत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा होता आणि तो अधिक कठीण होता. आमच्यातल्या एका संग्राहक मित्राचे म्हणणे असे की जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेली आणि शंभराहून अधिक वर्षे टिकलेली रचना ही पूर्ण झालेली रचना आहे, तिच्यावर पॉलिश पेपर चालवणे म्हणजे तिचा अवमान आहे. त्याच्या बोलण्यात तळमळ होती आणि मला तिचा आदर वाटतो. पण हा चाकू कधीच गोठलेला नव्हता, असे मला वाटते. जोसेफने आकारांना १ ते १२ क्रमांक दिले होते, त्यातले १ आणि ११ क्रमांक १९३५ मध्ये बंद झाले. पाते उघड्या अवस्थेत अडकवणारी फिरती कडी, जिच्यावरून आज हा चाकू लांबूनही ओळखू येतो, ती १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने आणली, त्यापूर्वीच्या चाकूंत पाते केवळ लाकडाच्या पकडीवर उभे राहायचे. बंद अवस्थेत अडकण्याची सोय तर २००० सालची. म्हणजे ओपिनेल घराण्यानेच पिढ्यान्‌पिढ्या या चाकूवर काम चालू ठेवले. शिवाय तो मुळात शेतकऱ्याच्या खिशातला चाकू. ज्याच्या हातात तो वर्षानुवर्षे राहिला, त्याच्या हाताने आणि धार लावायच्या दगडाने त्याचा आकार बदललाच असणार.

तरीही मित्राचे सगळेच म्हणणे मी बाजूला सारले नाही. मोठ्या संख्येने बनणाऱ्या आजच्या चाकूवर कानस चालवणे वेगळे आणि १९५५ पूर्वीच्या, एकाच कडीच्या चाकूवर चालवणे वेगळे. तसा चाकू कधी माझ्या हाती आला तर मी त्याला तेलाच्या फडक्यापलीकडे काही लावणार नाही, कारण त्याच्या मुठीची झीजसुद्धा पुरावा आहे. माझ्या चाकूच्या पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण आहे. जोसेफने ती १९०९ मध्ये घेतली. त्यातला आशीर्वादाचा हात सँ-जाँ-द-मोरिएन या गावाच्या चिन्हातून आला आहे आणि मुकुट सावोयच्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा, आहे. रंग चढवताना आणि नंतर पाते पुसताना ती खूण पुसट होऊ नये, ही मित्राची सूचना मी तंतोतंत पाळली. रंगवलेल्या पात्यावर ती आता कोऱ्या पात्यापेक्षाही ठळक उठून दिसते.

पात्याच्या रंगाबद्दल कॉलेजातल्या एका मुलाने विचारले, "काका, वापरून आपोआप येणारा रंग मुद्दाम आणायचा म्हणजे खोटे वय दाखवणेच नाही का?" प्रश्न मला आवडला. हा रंग वयाचा दाखला म्हणून मी कुणापुढे मांडत नाही, आणि विकताना कुणी तसे मांडले तर ती फसवणूकच आहे, असे मी त्याला सांगितले. माझ्यासाठी त्याचा उपयोग एवढाच की हा थर पावसाळ्यात तांबड्या गंजाला थोडा उशीर लावतो. तो गंज पूर्ण अडवत नाही, ओले पाते मिटून ठेवले तर रंगवलेलेही गंजते. त्या मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि त्याने आपला चाकू वापरूनच रंगवायचे ठरवले. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

खोबरेल तेलावरचा आक्षेप मात्र पूर्णपणे हवामानाचा होता. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे तापमान त्याच्या कितीतरी खाली असते, तेव्हा रिवेटभोवती गेलेले तेल मेणासारखे थिजते आणि पाते जड फिरते. हे मला आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी सांगितले आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, असेही सुचवले. फळे चिरायच्या पात्यावर मी खोबरेलच ठेवले आहे आणि सांध्यात डॉक्टरांचे तेल घालतो.

आता अशा बोलण्याविषयी, ज्यात बोट ठेवायला जागाच नसते. "हौस म्हणून ठीक आहे," असे एका गृहस्थांनी चाकू हातातही न घेता म्हटले. हात राबवून केलेल्या कामावर असे वाक्य आले की ते लागते, आणि लागत नाही असे दाखवण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या वेळी मी काही बोललो नाही. मात्र घरी येऊन वहीत ते वाक्य जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले. मी बाकीचे आक्षेपही असेच लिहितो, प्रत्येकासमोर चाकूचा कोणता भाग ते नोंदवतो, आणि एक रात्र गेल्यावर वाचतो. रात्री जे वाक्य अपमानासारखे वाटते त्यात सकाळी कधी कधी कामाची गोष्ट निघते. या वाक्यासमोरचा रकाना रिकामाच राहिला.

दुसऱ्याच्या कामावर बोलायची वेळ माझ्यावर येते तेव्हा मी आधी त्याच्या चाकूने काहीतरी कापून बघतो: कागदाची पट्टी, सुतळी, सफरचंद असेल तर सफरचंद. मूठ कशासाठी बदलली हे त्याला विचारतो, कारण ज्या हातासाठी ती घडवली तो हात माझा नाही. त्यानंतरच काही खटकले असेल तर त्या जागेवर अंगठा ठेवून सांगतो. आमच्यातल्या तीन-चार जणांनी आता हीच रीत धरली आहे, आणि तेव्हापासून नवीन मुले आपली अर्धवट कामे घेऊन येऊ लागली आहेत, हा मला त्यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

माझ्या चाकूवर एक आक्षेप अजून उभा आहे. टूलरूमवाल्या काकांच्या मते मुठीच्या सपाट केलेल्या बाजू गळ्याच्या कडीजवळ फार लवकर सुरू होतात. तिथे खाचेमुळे लाकूड आधीच दोन पातळ भिंतींइतके उरलेले असते आणि पाते आडवे दाबले तर सगळा ताण तिथेच येतो. मला ती भिंत पुरेशी वाटते, त्यांना वाटत नाही. या पावसाळ्यात चाकू रोजच्या वापरात ठेवायचा आणि दिवाळीनंतर त्याच जागी पुन्हा व्हर्नियर लावून कुठे चीर गेली आहे का ते भिंगाखाली बघायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. चीर सापडली तर पुढची मूठ मी शिसवीची करणार आहे, आणि तिच्यासाठी लागणारा तुकडा काकांनी आत्ताच काढून ठेवला आहे.