कोळंबीच्या बादलीवर उभं राहिलेलं दुकान

रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरताना आमचं दुकान लागतं. पाटीवर अजून ‘हार्डवेअर’ असंच लिहिलेलं आहे. आत मात्र खिळे, कुलपं आणि रंगाच्या डब्यांना जेमतेम एक भिंत उरली आहे. बाकी सगळीकडे मासे गरवायच्या, म्हणजे गळाने धरायच्या काठ्या, रिळं, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गळ. दाराशी एक निळी बादली असते, तिच्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप. कुणी विचारलं की धंदा कशावर चालतो, तर मी त्या बादलीकडे बोट दाखवतो.

दुकान घातलं नानांनी, ते होड्यांसाठी. दोर, खिळे, रंग, डांबर. गळ होते, पण शेकड्याने, कागदाच्या पुडीत. तंगूस वजनावर जायचा. गरवायला जाणारे सगळे गावातले. रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळायचा, टोकाला वजनाला शिसं, ते नसेल तर गॅरेजातून आणलेला जुना स्पार्क प्लग. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी अशा बाटल्यांची रांग लागायची.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पुढच्या काही वर्षांत शनिवारी उतरून रविवारी रात्री परतणारी मुंबईची मंडळी दुकानात दिसू लागली. त्यांना रीळ हवं, ब्रेड म्हणजे विणलेला दोरा हवा, पॉपर (पाण्यावर उडणारं खोटं आमिष) हवा. मी तेव्हा नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो. अंगात हौस फार. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून भरमसाट माल उचलला. ‘गंजणार नाही’ म्हणून दिलेली रिळं पहिल्याच पावसाळ्यात दुकानातल्या दुकानात तांबूस झाली. गळ बोटांनी मोडायला लागले. नानांनी एक शब्द काढला नाही, फक्त ती खोकी गल्ल्यासमोर अशी रचून ठेवली की येता-जाता मला दिसावीत. तेव्हापासून कुठलाही नवा माल आधी एक महिना माझ्या मागच्या पडवीत खारा वारा खातो, मग दुकानात येतो.

माल सुधारला तरी गिऱ्हाईक टिकेना. लोक महागडी काठी घ्यायचे, दोन दिवस उन्हात उभे राहायचे, रिकाम्या हाताने परत जायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. भाट्याच्या खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकणारे एक चाचा दोरी घ्यायला यायचे. एकदा म्हणाले, “काठी दहा हजारांची नि आमिष बाजारातली बर्फाची कोळंबी. मासा काय काठी खातो?”

मला ते लागलं. पुढच्याच आठवड्यात दुकानात टाकी बसवली, चाचांकडून जिवंत कोळंबी घेतली आणि नळाच्या पाण्यात मीठ घालून तिच्यात सोडली. सकाळी सगळी उताणी. वास तीन दिवस गेला नाही, बायकोने दुकानात चहा पाठवणं बंद केलं. चाचा हसून हसून दमले. मग त्यांनी शिकवलं: पाणी खाडीचंच हवं, तेही जिथे कोळंबी धरली तिथलं, गर्दी करायची नाही, सावलीत ठेवायचं, मेलेली लगेच काढायची, नाहीतर ती बाकीच्यांना घेऊन जाते. टाकी गेली, बादली आली. ती आजतागायत आहे.

कोळंबी गळाला लावायची तीही रीत आहे. डोक्यात काळसर ठिपका दिसतो, तिथे टोचलं की ती मेलीच. त्याच्या पुढे, शिंगाच्या मुळाशी गळ घालायचा किंवा शेपटीकडून. अशी तडफडणारी कोळंबी खाडीच्या तोंडाशी सोडली तर तांबोशी आणि जिताडा तिच्यावर येतातच. गोव्याकडून येणारे जिताड्याला चोणक म्हणतात. तांबोशी ओढ लागली की थेट दगडाच्या कपारीत शिरते, तिथे सैल दोरा ठेवलात तर तंगूस कापलाच म्हणून समजा. बोय माशाचं पिल्लू वरच्या ओठात गळ घालून सोडलं तर आणखी मोठं सावज.

पण जिवंत आमिष सगळीकडे चालत नाही. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ भागात, केंड मासे असतात, ते चोचीसारख्या दातांनी कोळंबी गळावरून शिस्तीत सोलून नेतात, कधी गळासकट. (केंड विषारी, लागला तर सोडून द्या. पोट फुगवतो म्हणून मुलांना खेळायला देऊ नका.) तिथे माकुलाची (स्क्विडची) पट्टी लावावी, चिवट असते. तारलीला तेल भरपूर, वासाने मासा लांबून येतो, पण मऊ पडते. म्हणून आम्ही तारलीच्या पट्ट्या जाडं मीठ लावून रात्रभर ठेवतो, पाणी सुटलं की त्या कातड्यासारख्या होतात. रेतीवर मुडदुशीला बारीक गळ आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. बोयीला कणकेचा गोळा. शेंगटीला काहीही चालतं, तिचा काटा मात्र सांभाळा.

आमचा किनारा सरळ नाही. एक खाडी, मग जांभ्याचा सडा, त्याखाली काळा कातळ, मग एवढीशी पुळण, की पुन्हा खाडी. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, पूर्णगडला मुचकुंदी, जयगडला शास्त्री. या तिन्ही तोंडांवर जिवंत कोळंबी. भगवती बंदराखालचा आणि आरे-वारेच्या बाजूचा कातळ हा कोकर आणि दागोळी या माशांचा, तिथे पहाटेचा मतलई वारा असेपर्यंत पॉपर फेकावा. याहून नेमकी जागा मी सांगत नाही. कशेळीच्या देवघळीकडचं एक खडप मी एकदा कौतुकाने दोघांना सांगितलं, पुढच्या महिन्यात तिथे प्लास्टिकच्या पिशव्या आणि तुटलेल्या तंगुसाचे गुंते बघून आलो.

वेळेबद्दल मात्र हात आखडता घेत नाही. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईचा. भरती आमच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे रत्नागिरीला पाणी त्याआधी भरतं. मुंबईच्या कोष्टकावर येणारे दर वेळी उशिरा पोचतात आणि सुकतीला (ओहोटीला) काठी लावतात. पुनव-अवसेच्या उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं धावतं की हलकं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, ते अगदीच सुस्त. मला पंचमी ते सप्तमी आवडते. चाचांना हे पटायचं नाही, ते षष्ठीला हमखास घरी झोपायचे.

शिशाबद्दलही असंच काहीतरी सांगत बसतो. खडपात शिसं अडकतंच, म्हणून ते मुख्य तंगुसाला न बांधता कमजोर दोऱ्याने बांधा, अडकलं तर तेवढंच तुटेल, मासा आणि गळ वाचेल. मुलगा म्हणतो, “बाबा, असं शिकवलंत तर मुख्य तंगूस आणि गळ विकायचे कोणाला?” त्याचंही बरोबर आहे.

२०२० च्या टाळेबंदीत घरी परतलेली पोरं गरवायला लागली आणि विक्री अचानक वाढली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने दुकानाचे पत्रे उडवले, खारं पाणी रिळांत शिरलं. सगळी रिळं खोलून गोड्या पाण्यात धुतली, वाळवली, तेल दिलं. त्या महिन्यात रीळ दुरुस्ती शिकलो, आता तीही मिळकत आहे.

त्याच सुमारास एक नेहमीचं गिऱ्हाईक कातळावरून लाटेने खाली ओढलं गेलं. वाचला, पाय मोडला. तेव्हापासून नवख्याला आधी विचारतो, कुठे उभा राहणार? जिथे कालवं चिकटलेली आहेत तिथपर्यंत भरतीचं पाणी येणारच, त्याच्या बरंच वर उभं राहा. कातळावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बसून लाटा बघा, मोठी लाट उशिराने येते. हेदवीच्या बामणघळीत, कातळातल्या त्या अरुंद चिरेत, पाणी किती उंच उडतं ते बघितलेला माणूस चिरेजवळ उभा राहत नाही.

आणखी दोन गोष्टींवर आमचं दुकान हट्टी आहे. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोसाठी धरलेला सर्वांत मोठा मासा बहुधा अंड्यांचा. पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी तो सोडून द्या. मालवणला जाणाऱ्यांना सांगतो, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती काठी बाहेर काढू नका.

दुसरी गोष्ट जूनपासूनची. तेव्हा यांत्रिक नौका बंदीमुळे बंदराला लागतात आणि समुद्र कातळावर आदळत असतो. नारळी पुनवेपर्यंत बादलीतली कोळंबी फक्त खाडीवर जाणाऱ्याला. गेल्या जुलैत एक तरुण आला, म्हणाला, “काका, भाट्यालाच जातोय, खाडीतच.” डझनभर मागत होता. मी खाली बघितलं. त्याच्या बुटांच्या तळाला कातळावर चढायचे लोखंडी खिळे होते.

मी बादलीवर झाकण ठेवलं.