पाय कुठाय तुझा?

आमच्या गावाचं नाव कोलंबस. इंडियाना राज्यातलं. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे पुण्याकडची मंडळी पुष्कळ. शेजारच्या ओहायोच्या राजधानीचं नावही कोलंबसच. गेल्या शनिवारी आई-बाबांना घेऊन या कोलंबसहून त्या कोलंबसला निघालो. बाबा पुढं, आई मागं, आणि आईच्या हातात लिंबू. खंबाटकी घाटात लागलेली सवय, इथं घाट नाही हे सांगून सुटत नाही.

इंडियानापोलिस मागं पडलं आणि आय-70 महामार्ग लागला. दोन्हीकडं मका नि सोयाबीन, मध्ये सुतात धरल्यासारखा रस्ता. मी ताशी 70 मैलांवर, म्हणजे आपल्या 113 किलोमीटरच्या आसपास, क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारं यंत्र, लावला आणि पाय मागं घेतला. बाबांची नजर खाली गेली.

"आरं, पाय कुठाय तुझा?"

गाडी आपोआप चाललीय म्हटल्यावर त्यांनी दाराचा दांडा धरला. मग मी गुऱ्हाळाचं इंजिन काढलं. कराडकडच्या माणसाला याहून सोपं उदाहरण नाही. चरकात उसाची मोळी गेली की इंजिनावर लोड येतो, फेरे उतरतात, आणि गव्हर्नरचे, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या जोडणीचे, फिरते गोळे आत येऊन डिझेल वाढवतात. मोळी संपली की उलट. इथंही तेच, फक्त गोळ्यांच्या जागी कॉम्प्युटर. चाकांच्या सेन्सरकडून वेग कळतो, ठरवलेल्या वेगाशी ताडून बघायचा, कमी पडला तर इंजिनाला जास्त हवा-पेट्रोल. नुसतं 'किती कमी' बघून भागत नाही, 'किती वेळ कमी आहे' हेही बघावं लागतं. नाहीतर चढावर गाडी कायम दोन मैल मागंच रेंगाळायची. जुन्या गाड्यांत इंजिनातल्या व्हॅक्यूमवर एक पडदा हलायचा आणि तो थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, केबल ओढायचा. आता पेडलपासून इंजिनापर्यंत केबलच नसते, सगळा विजेचा निरोप.

"आन पुढं ट्रक आला तर?"

साधा क्रूझ आंधळा, त्याला ट्रक दिसत नाही. ब्रेकला पाय लावला की तो सुटतो, ठरवलेला वेग मात्र लक्षात ठेवतो. आमच्या गाडीत पुढच्या बाजूला रडार आहे, ते अंतर बघून वेग उतरवतं. पण पावसात, बर्फात मी क्रूझ बंदच ठेवतो. निसरड्यावर गाडीची पकड सुटतेय हे आधी पायाला कळलं पाहिजे, आणि पाय तर बाजूला काढलेला.

आंधळा म्हटलं आणि आठवलं. याच रस्त्याच्या थोडं उत्तरेला हॅगर्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. क्रूझ कंट्रोल ज्याच्या डोक्यातून निघाला तो राल्फ टीटर तिथला. पाच वर्षांचा असताना सुरीनं डोळ्याला इजा झाली आणि पुढं दोन्ही डोळे गेले. तरी 1912 साली इंजिनिअर झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या घरच्या कंपनीचा प्रमुख झाला. सांगतात, त्याचा वकील त्याला गाडीतून न्यायचा. वकील बोलायला लागला की गाडी हळू, ऐकायला लागला की जोरात. शेजारी बसलेल्या टीटरला ते हिसके सोसवेनात. 1950 मध्ये त्याला पेटंट मिळालं, 1958 मध्ये ते यंत्र क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव मात्र कॅडिलॅकचं. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी 55 मैलांची मर्यादा आली, तेव्हा तर या यंत्राला चांगलाच भाव आला.

"म्हंजे जन्मात गाडी न चालवलेल्या माणसानं शोधलं व्हय?" बाबा.

इतका वेळ गप्प असलेली आई मागून म्हणाली, "अहो, चालवणाऱ्याला हिसके कुठं कळतात? तुम्ही गप्पा मारत जीप चालवायचात, तेव्हा माझ्या पोटाला विचारायचं होतं."

बाबा खिडकीतून मका बघायला लागले. ओहायोची हद्द आली तेव्हा त्यांनी दांडा सोडला होता आणि घोरत होते. लिंबू मागच्या कपहोल्डरमध्ये पडलं होतं. परतीला आईनं ते चहात पिळलं.