गडावर शिट्टी वाजवायची नाही

परवाच्या शनिवारी खेळ ऐन रंगात आला असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि टेबलाभोवतीचे आम्ही पाचही जण गप्प झालो. साधा भात होता. पण दोन महिने आम्ही मिळून जो गड रचतोय, तिथे शिट्टी वाजवायला बंदी आहे. तटाबाहेरच्या धुक्यात जे काही फिरतं, ते शिट्टीला शिट्टीनंच उत्तर देतं. दुसरी शिट्टी झाली तशा वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि काही न बोलता जागेवर बसल्या. त्या रात्री भात जरा कचवटच राहिला. कुणी तक्रार केली नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत एक गोष्ट खेळायची. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तिथून हे खूळ जगभर पसरलं. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. आमच्यात डीएम मी. एरवी मी चाकणला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. नट, बोल्ट, गास्केट, बेअरिंग, प्रत्येकाचं बिन कार्ड, म्हणजे साठ्याची नोंद, आणि मार्चअखेर मोजणीत हमखास निघणारा फरक.

या गडाच्या आधी माझं एक जग होतं. लॉकडाउनमध्ये एकटीनं बसून लिहिलेलं. चौसष्ट पानं, चौदा राज्यं, प्रत्येक राजघराण्याची वंशावळ, आणि सगळ्यांच्या वर काळोखाचा सम्राट वेताळ, त्याचे नऊ सेनापती. पहिल्या शनिवारी मी ते वाचून दाखवायला घेतलं. वहिनी मान हलवत होत्या. शेजारचा मुलगा, ज्याला आम्ही 'बारावी' म्हणतो (बारावी होऊन दोन वर्षं झाली, नाव राहिलं), तो टेबलाखाली मोबाइल बघत होता. बाराव्या मिनिटाला माझ्या मामेभावानं, दादानं, विचारलं, "हे सगळं ठीक आहे गं, पण हे लोक खातात काय?"

मी दोन आठवडे फुगून होते. राग याचा की प्रश्न बरोबर होता. दिवसभर लोकांना माल इश्यू करणारी बाई मी, आणि माझ्या चौदा राज्यांत मिळून एक पोतं ज्वारी नव्हती.

मग ती फाइल बंद केली आणि कोरा चार्ट पेपर टेबलावर पसरला. एक गड, भोवती पाऊस, पावसात राक्षस. एवढंच माझं. बाकी सगळ्यांनी मिळून भरायचं. पद्धत थोडी उसनी आहे. एव्हरी ऑल्डर यांचा २०१३चा 'द क्वाएट इयर' म्हणून एक खेळ आहे. त्यात पत्त्यांचा कॅट घेतात, बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे, आणि ज्याची पाळी तो सगळ्यांच्या सामायिक नकाशावर काहीतरी नवं काढतो. इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपला, मग तुमची कितीही कामं अर्धी राहिलेली असोत. तिथं इस्पिक म्हणजे हिवाळा. आम्ही इस्पिकला पावसाळा केलं, पत्ते आणि तो दबा धरून बसलेला राजा ठेवला. आठवडे मात्र सोडून दिले, कारण तारखांचं रजिस्टर मला माझं लागतं.

दादा गड फिरणारा माणूस. त्यानं लगेच शंका काढली की पाऊस हा गडाचा मित्र असतो, पाऊस लागला की वेढा ढिला पडतो. मग त्यानंच पन्हाळा आठवला. १६६०मध्ये भर पावसातही सिद्दी जौहरनं वेढा उठवला नव्हता. म्हटलं, झालं तर, आपला वेढा पाऊसच घेऊन येतो.

दादाकडूनच आणखी एक गोष्ट मिळाली, आणि मला वाटतं आमचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिवकाळात गडाचा कारभार एकाच्या हातात नसे. हवालदार, सरनौबत, सबनीस वेगळे, कोठाराचा हिशेब बघायला कारखानीस वेगळा. कुणा एकाला फितवून गड घेता येऊ नये म्हणून ही वाटणी. आम्ही जगाचीच अशी वाटणी केली. किल्ल्या आणि दरवाजे दादाकडे, तो हवालदार. माझी मैत्रीण नर्स आहे, रात्रपाळ्या करते, ती सरनौबत, पहारे तिचे. हजेरीपट बारावीकडे, तो सबनीस. कोठार अर्थात माझं. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा, डीएमलासुद्धा विचारल्याशिवाय त्यात हात घालता येत नाही. चौसष्ट पानांच्या मालकिणीला हे किती जड गेलं असेल ते तुम्हीच बघा.

वहिनींना खातं उरलं नाही. त्या म्हणाल्या, "मग मी खालची मेटं घेते." मेटं म्हणजे गडाच्या अंगावरच्या, तटाबाहेरच्या चौक्या, तिथं राहणारे ते मेटकरी. चार्ट पेपरवर त्यांनी तटाच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर पेन्सिलीनं बारीक बारीक झोपड्या काढल्या. आम्ही बाकीचे तोवर बुरूजच काढत होतो.

आता राक्षस. इथं मी एकच नियम घातला, तोही चिडून. बारावीला आम्ल थुंकणारा ड्रॅगन हवा होता, पंख किती फुटी इथपासून त्याची तयारी होती. मी म्हटलं, राक्षस कसा दिसतो ते सांगायचं नाही. त्याच्यामुळे गडावरच्या माणसांनी काय करायचं सोडलं, तेवढं सांगायचं. बारावी गप्प झाला. बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला आणि म्हणाला, "शिट्टी वाजवणं." का? "कारण ते पण वाजवतात." त्याच्या ड्रॅगनबद्दल त्यानंतर एक शब्द निघाला नाही. मला वाटतं तो स्वतःच जरा घाबरला.

दादानं सांगितलं, पूर्वेच्या टाक्यात कुणी वाकून बघत नाही. पाणी शेंदायचं ते पाठमोरं उभं राहून, खांद्यावरून दोर सोडून. नर्स मैत्रिणीचं सगळ्यात साधं होतं. अंधार पडल्यावर गडावर कुणी माणसं मोजत नाही. तिनं ते पापड मोडता मोडता सांगितलं. का, तर अंधारात मोजलं की एक जास्त भरतो. "आणि कितीही वेळा मोजा, तो जास्तीचा कोण ते कळत नाही. सगळे ओळखीचेच असतात." वॉर्डात रात्री तीनला राउंड घेणारी बाई आहे ती, तिला हे कुठून सुचलं ते मी विचारलं नाही.

हे तीन मिळून माझ्या नऊ सेनापतींना भारी आहेत. सेनापती मरतो, फासा चांगला पडला की संपला. पण सवय मोडून टाकलेली बाई पाठमोरी उभी राहून पाणी शेंदतेय, तिची पोर आजीला विचारतेय की टाक्यात काय आहे, आणि आजीलाही ठाऊक नाही. तिथं कुठला फासा टाकणार?

कोठाराचं माझं काम मी मन लावून केलं. मापं गावोगावी वेगळी असत. आम्ही चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी धरली. म्हणजे खंडीला ९६० शेर. कोठारात १०० खंडी धान्य, गडावर ६०० माणसं, माणशी रोज एक शेर. भागाकार केला तर १६० दिवस. जून ते सप्टेंबर पावसाचे दिवस १२२. अडतीस दिवसांचा सेफ्टी स्टॉक. मी खूश होते.

मग इस्पिकची सत्ती निघाली आणि मेटांवरची दोनशे माणसं दरवाज्याशी आली.

किल्ल्या नवऱ्याकडे, दाराबाहेर बायको. दीड तास चाललं. दादानं मला आकडा विचारला, मी सांगितला. आठशे माणसं झाली तर धान्य पुरेल १२० दिवस. दोन दिवस कमी. तो म्हणाला, "बघ, जमत नाही." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शिट्टीला उत्तर येतं हे तुम्हाला आत कोणी सांगितलं? मेटावरच्यांनीच ना? आम्ही नसलो तर तुम्हाला ते दारात आल्यावर कळेल." दादा फाशाकडे बघत राहिला. शेवटी फासा न टाकताच त्यानं दार उघडलं. त्या रात्री स्कूटरवर दोघं घरी जाताना काय बोलले असतील, मला फार उत्सुकता आहे.

जुन्या फाइलमधला वेताळ मात्र मला सोडवत नव्हता. शेवटचा मोठा शत्रू म्हणून मी त्याला परत आणू पाहिलं, तर वहिनी पहिल्यांदाच तुटक बोलल्या. त्यांचं माहेर चिंदर, मालवण तालुका. "वेताळ राखणदार आहे गो. त्याला कसला मारतेस?" मग आरवलीच्या वेतोबाबद्दल सांगितलं. वेंगुर्ला तालुक्यातलं ते देऊळ. लोक देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फिरून राखण करतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मी पुण्यात वाढले, माझा वेताळ प्रेतात शिरून कोडी घालणारा. कुणाचा देव मी दोन वर्षं खलनायक म्हणून वापरत होते आणि मला पत्ता नव्हता. खोडला. चार्टवर आता कुठल्याच देवाचं नाव नाही.

पण खरी गंमत पुढच्या शनिवारी. पाऊस अर्ध्यावर, राक्षस तटाला टेकलेले, आमच्या चौघांच्या डोक्यात उकळतं तेल आणि तोफा. वहिनींची पाळी आली. त्या म्हणाल्या, तीन रात्री गड रिकामा करायचा. सगळ्यांनी बाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री सुद्धा.

दादा उडालाच. "बाहेर? बाहेर ते आहेत!"

"ते आत येतील, तेव्हा बाहेर कोण असेल?"

आणि मग त्यांनी गावपळण सांगितली. मला नाव ऐकून माहीत होतं, इतकंच. चिंदर, आचरा, वायंगणी या गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. घरं बंद, गुरंढोरं बरोबर, झापांच्या राहुट्या उभारायच्या, तीन दिवस तीन रात्री तिथंच राहायचं. परत यायचं तेही कौल मिळाला तरच. वहिनी लहानपणी गेल्या होत्या. भीती वगैरे आठवत नाही म्हणाल्या. फुगड्या आठवतात, चांदण्यात भजनं आठवतात, आणि आजीचं घर दुरून, दिवा नसलेलं, कसं दिसायचं ते आठवतं. गाव का जातो याची कारणं जितकी माणसं तितकी सांगतात. वहिनींचं एकच होतं: "जागो तेंचो, आमी रवतंव." आणि लगेच मला बजावलं, "लिहिणार असशील तर टिंगल नको." नाही करत. आमच्या गडावर त्या प्रथेला नाव दिलेलं नाही, नुसतं 'तीन रात्री' म्हणतात.

त्या एका पाळीनं माझा नकाशा उलटला. वेढा कुणी कुणाला घातलाय, हा प्रश्न मी चौसष्ट पानांत एकदाही विचारला नव्हता. गड आधी कुणाचा होता? टाकी कुणी खोदली? पूर्वेच्या टाक्यात जे आहे, ते आमच्या आधीपासून आहे का? चार्ट पेपरच्या कडेला बारावीनं हे तीन प्रश्न लिहून ठेवलेत. अक्षर भयंकर आहे.

तर परवा गडावरची माणसं तीन रात्री बाहेर राहिली. धुकं सरसर वर चढत दरवाज्यातून आत गेलं, डोंगरउतार मोकळा झाला, आणि कित्येक दिवसांनी मेटांवर कुणीतरी गाणं म्हटलं. कुकरची शिट्टी झाली ती याच सुमाराला. चौथ्या दिवशी परत निघायला उशीर झाला. म्हाताऱ्या माणसांना चढ झेपेना, एक गाय अडून बसली. दरवाज्याशी पोचेपर्यंत उजेड सरत आला होता. सबनीस म्हणून बारावी उंबऱ्याशी उभा राहिला आणि उत्साहात एकेकाला मोजून आत घ्यायला लागला. नर्स मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही, हजेरीपट माझं खातं नाही.

तो मोजत गेला, मी फासा टाकला, आणि त्याला आकडा सांगितला. त्यानं तो लिहूनही घेतला. मग पेन थांबलं.

कोठाराच्या रजिस्टरमध्ये मी त्या रात्रीपासून रोज ८०१ शेर खर्ची टाकतेय. पुढचा शनिवार रद्द आहे, बारावीची सबमिशन आहेत.