चॅटरचा अंदाज चुकत होता, टॅप टेस्ट नाही

कुपवाड एमआयडीसीत आमचा जॉबवर्कचा शेड आहे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन). ईएन२४ या अलॉय स्टीलचे, तापवून कडक केलेले (हार्डन-टेम्पर) ब्लॉक येतात, त्यात खाचा मारायच्या. १६ मिमीची चार दातांची कार्बाइड एंडमिल (फिरत कापणारं टूल) खाचेत शिरली की किंचाळायची आणि भिंतीवर नखाला लागतील अशा लाटा उमटायच्या. हाच चॅटर, म्हणजे कापताना टूलची वाढत जाणारी थरथर. म्हणून त्याचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर घेतलं.

बसवणं आणि टॅप टेस्ट एका दिवसात झाली. टूलच्या टोकाला हातोडीची टिचकी मारली, टूल किती वेगाने थरथरतं ते सेन्सरने ८०० हर्ट्झ दाखवलं. ८०० गुणिले ६०, भागिले चार दात, भागिले पाच (एक दात पडून दुसरा पडेपर्यंत बरोबर पाच थरथरी), म्हणजे २४०० आरपीएम. तिथे २.७ मिमी खोली सुरक्षित, असं सॉफ्टवेअरच्या आलेखाने (कोणत्या आरपीएमला किती खोली चालेल) सांगितलं. पहिल्याच पासला टूलचा कोपरा उडाला.

मग सुरू झाला विक्रेत्याच्या सर्व्हिस डेस्कशी पत्रव्यवहार. महिनाभर! दर वेळी एकच उत्तर, ‘टॅप टेस्ट पुन्हा करा.’ तीनदा केली, तीनदा ८०० च आले. त्यानंतर मशीन जुनी आहे म्हणाले. जॉब थांबलेला, पार्टीचे फोन चालू, आणि हे लोक मटेरियलबद्दल एक शब्द विचारत नव्हते. आजही ते आठवलं की डोकं तापतं.

शेवटी मीच भंगारातला एक ब्लॉक लावला. २४०० आरपीएम, दर दाताला ०.१ मिमी फीड (टूल पुढे सरकणं). ०.५ मिमीपासून दर पासला पाव मिमी खोली वाढवत गेलो आणि मोबाइलवर आवाज टिपला. १.५ पर्यंत घरघर सरळ होती. १.७५ ला किंचाळी फुटली, ८५० हर्ट्झच्या आसपास. दात पडण्याची वारंवारता १६०, साध्या कापण्याचा आवाज तिच्याच पटीत येतो, आणि ८५० काही तिच्या पटीत बसत नाही. हा चॅटरच. २७०० आरपीएमला तर तो १.५ च्या आतच सुरू झाला. म्हणजे आरपीएमची जागा बरोबर होती, चुकत होती फक्त खोली. इथे माझी ट्यूब पेटली. लोब, म्हणजे आलेखावरचे सुरक्षित उंचवटे, कुठे येणार हे टूल-होल्डरच्या कंपनावर ठरतं. मटेरियलचा कटिंग फोर्सचा आकडा बदलला की सगळा आलेख वर-खाली होतो, डावी-उजवीकडे सरकत नाही.

मटेरियलच्या रकान्यात तयार यादीतलं ‘अलॉय स्टील, १८००’ होतं. १८०० न्यूटन प्रति चौरस मिमी हा आकडा १ मिमी जाडीच्या चिपसाठी असतो. आमची चिप जास्तीत जास्त ०.१ मिमी! चिप पातळ झाली की दर चौरस मिमीमागे जोर जास्त लागतो. स्टीलला साधारण ०.२५ घातांक धरला तर ३२०० येतात. उलट बाजूने ताळा केला, १८०० गुणिले २.७ भागिले १.५, तर ३२४०. कागद पेनाने दोनदा तपासला, इतका आनंद झाला होता.

रकान्यात ३२०० भरले. आता आलेख २४०० ला दीड मिमी सांगतो, आम्ही १.३ घेतो, आणि खाच स्वच्छ येते.

एक राहिलंच: चाचणी नव्या टूलवरच घ्या, घासलेल्या दातावर आकडा फुगतो. आणि फीड बदलला तर तो रकानाही बदला. आमच्याकडे आता दर लॉटची हार्डनेस मोजून ब्लॉकवरच खडूने लिहितात.