अंबू बॅग शिकवताना उजव्या हाताला आवर

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मुलामुलींना अंबू बॅगने, म्हणजे तोंडावर मास्क धरून हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वास द्यायला शिकवताना माझा निम्म्याहून अधिक वेळ त्यांना ती दाबण्यापासून परावृत्त करण्यात जातो. बॅग हाती आली की ती पिळावीशी वाटते, आणि मन घाबरलेले असले की भराभर पिळावीशी वाटते. प्रौढांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. रुग्णाला एका श्वासाला ५०० ते ६०० मिलिलिटर, म्हणजे छाती उचललेली दिसेल एवढीच पुरते. जोराने रेटलेली हवा अन्ननलिकेवाटे पोटात शिरते, पोट फुगते, उलटी होते आणि ती फुप्फुसांत उतरू शकते. शिवाय छातीतला दाब चढता राहिला की हृदयाकडे परतणारे रक्त घटते. अमेरिकेतील मिलवॉकी येथील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हृदय बंद पडलेल्या रुग्णांना शिकलेसवरलेले कर्मचारीसुद्धा मिनिटाला सरासरी ३० श्वास देताना आढळले होते. नाडी लागत असलेल्या प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, तोही सावकाश एका सेकंदात, पुरे असतो.

म्हणून पहिल्या सत्रात मी बॅग बाजूला काढून ठेवतो आणि पुतळ्याच्या तोंडावर नुसता मास्क धरायला लावतो. डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर. बहुतेकजण मास्क चेहऱ्यावर दाबतात, वास्तविक जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभ मागे सरून वाट अडते. कडेने फुस्स आवाज आला की पकड सुटली असे समजावे. म्हाताऱ्या माणसाची कवळी घट्ट बसलेली असेल तर ती काढू नये, कारण गाल आत गेले की मास्क बसत नाही. (हे सांगितले की वर्गात हमखास हसू फुटते.)

सोलापूर जिल्ह्यात हे कौशल्य केवळ अपघातांपुरते लागत नाही. कोपीत किंवा शेतातल्या घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. एकदा लुळे पडलेले स्नायू सर्पदंशाच्या लशीनेही लगेच पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडून सोलापूरला पोहोचेपर्यंत बॅगच त्याचा श्वास चालवते. असा रुग्ण हलू शकत नसला तरी त्याला सगळे ऐकू येत असू शकते, म्हणून त्याच्याशी बोलत राहा, असे मी बजावतो. त्याचा थोडा स्वतःचा श्वास शिल्लक असेल, तर बॅग त्या श्वासाबरोबरच दाबायची.

खरे तर हे काम दोघांचे आहे: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. पण गाडी चालू असताना पायलट स्टेअरिंगवर असतो आणि मागे एकटाच कर्मचारी उरतो. अशा वेळी सोबत शांत डोक्याचा नातेवाईक असेल तर मास्क स्वतःकडे ठेवावा आणि बॅग त्याच्या हाती द्यावी. सहापर्यंतचे आकडे आपण मोठ्याने मोजायचे आणि ‘एक’ म्हटल्यावरच दाबा, एरवी हात सैल ठेवा, एवढेच त्याला सांगायचे.